हक कमी केल्यानंतर : बडोद्यातल्या एका घराचं प्रकरण

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातलं हे मराठी घर. घरात ज्यांना माई म्हणतात त्या ७८ वर्षांच्या बाई, त्यांचा मुलगा (दादा), सून (वहिनी), पुण्याला दिलेली थोरली लेक, बडोद्यातच राहणारी धाकटी, आणि दिवसा माईंजवळ थांबायला येणारी बेन, एवढी माणसं. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

मी पूर्वी इस्पितळात समाजसेविका होते. आता ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात बसते, लोक तिथे आपापले कागद घेऊन येतात. धाकटी आली ती तक्रार घेऊन नव्हे. आईला चार-चार महिने तिघांकडे ठेवायचं घाटतंय, तर तिच्या आधार कार्डावर पत्ता कुठला ठेवावा, एवढंच तिला विचारायचं होतं. सध्याच्या पत्त्याचं काय बिघडलं, असं विचारल्यावर म्हणाली, "ते घर बिल्डरला द्यायचंय." मग आईची संमती लागेल की. "नाही लागत. घर दादाच्या एकट्याच्या नावावर आहे." वडिलांनी तसं मृत्युपत्र केलं होतं का? "छे हो. आम्हीच सह्या केल्या."

सही

वडील एका रासायनिक कारखान्यात फिटर. चुलतभावांचा हिस्सा विकत घेऊन आणि वर दोन खोल्या चढवून त्यांनी घर स्वतःचं केलं. कर्जाचे हप्ते त्यांच्या पगारातून गेले. घरखर्च, शाळेच्या फिया आणि लेकींच्या लग्नातलं किडूकमिडूक माईंच्या शिवणाच्या मशीनवर निघालं. मशीन सासूबाईंचं, त्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकलेल्या. हप्ते भरणाऱ्याच्या नावाने कागद झाले, तेल-मीठ आणणारीच्या नावाने झाले नाहीत. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं, म्हणून ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

२०११ मध्ये वडील गेले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगा आणि मुली हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आणि हिस्से सारखे. म्हणजे या घरात चौघांना एकेक चतकोर. लग्न झालं म्हणून लेकीचा हिस्सा घटत नाही. विधवेचा हिस्सा कलम १४ प्रमाणे तिच्या पूर्ण मालकीचा. १९३७ च्या कायद्यात तो फक्त तिच्या हयातीपुरता होता.

सिटी सर्व्हेला वारसाई नोंद झाली, चौघांची नावं चढली आणि पाठोपाठ 'हक कमी'चा दस्त झाला. गुजरातेत राहणाऱ्यांना हे समजावायला नको. बाकीच्यांसाठी : काही वारसांनी मोबदला न घेता आपला हिस्सा दुसऱ्या वारसासाठी सोडल्याचा हा नोंदणीकृत कागद. लेकींनी भावासाठी तो करायचा ही रीतच पडून गेली आहे. नाही केला तर माहेर तुटेल असं तोंडावर कुणी म्हणत नाही. भाऊबीजेला काय ते कळतं.

लेकींचं एक वेळ समजू. इथे माईंचीही सही घेतली, कारण दस्त लिहिणारा म्हणाला, एकदाच सगळं एका नावावर करून टाका, पुन्हा पुन्हा खेटे नकोत. दिवस होऊन महिनाही झाला नव्हता. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले, दस्त गुजरातीत. माई गुजरातीत भाजीवाल्याशी घासाघीस करतात, पेपरातले मथळे वाचतात, पण कोर्टकचेरीची गुजराती त्यांच्या आवाक्यातली नव्हे. जिथे बोट ठेवलं तिथे त्यांनी बाळबोधीत सही केली. धाकटीला आठवतं, सही करताना आई म्हणाली होती, "माझं काय, मी इथेच आहे."

हे वाक्य दस्तात उतरलं असतं तर पुढची निम्मी गोष्ट घडलीच नसती. ते कसं, ते कायद्याकडे आल्यावर बघू.

१९०६ मध्ये मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारं आणि १९३१ मध्ये हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा कायदा देणारं हे संस्थान. अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष, १९२७ मध्ये, इथल्या महाराणी चिमणाबाई. आपण बडोदेकर या गोष्टी पाहुण्यांना हौसेने सांगतो. त्याच शहरात सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर विधवेचं नाव चढतं आणि लगेच उतरतंही.

चोकडी

जुलै २०२४ मध्ये माई चोकडीत पडल्या. मागच्या दारी कपडे-भांडी धुवायची ही जागा फरशीपासून चार बोटं खाली, आणि पावसाळ्यात तिथे शेवाळ धरतं. खुब्याचं हाड मोडलं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात हे डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्याआधी माईंच्या हाडांची तपासणी कधी झाली नव्हती. वडिलांची शुगर मात्र दर तीन महिन्यांनी व्हायची, ती करून आणायच्या माई.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च देणारं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. माई त्याआधीच पडल्या. दादाने एफडी मोडून ऑपरेशन केलं, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. आणि कार्ड हाताशी असतं तरी ते इस्पितळात दाखल असेपर्यंतच. घरी आल्यावर रात्री कूस कुणी बदलायची याला कुठल्याही कार्डावर रकाना नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं होतं. घरी आल्यावर जो तो म्हणे, पडून राहा, पुन्हा पडलात तर? पडून राहिल्याने माकडहाडापाशी कातडी लाल झाली. मग दर दोन तासांनी कूस बदलणं आलं. वहिनीने मोबाइलवर अकरा, एक, तीन आणि पाचचे गजर लावले. कंबरेखाली घडी केलेली चादर घालायची, तिची दोन टोकं धरून माईंना एका कुशीवर ओढायचं, पाठीशी उशी लावायची, दोन गुडघ्यांमध्ये दुसरी, लाल जागेला बोट लावून बघायचं. एकटीच्याने करताना तिची स्वतःची पाठ धरली. ती एका खाजगी बालवाडीत शिकवत असे. रजा संपल्या, बिनपगारी रजा मिळेना, नोकरी सोडली. घरातल्या खर्चाच्या हिशोबात एफडी मोडल्याची नोंद होती. सुटलेल्या पगाराची नव्हती.

सप्टेंबरपासून माईंना धाकटीकडे न्यायचं ठरलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीचा पूर आला, धाकटीच्या समा भागातल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये गुडघाभर पाणी शिरलं, गाद्या-कपाटं गेली. ते राहिलंच. "सध्यापुरतं" म्हणून वहिनीवर आलेलं काम मग तिचंच झालं.

वर्ष बदलल्यावर बिल्डरचा माणूस येऊ लागला. घर रिकामं करून द्यायचं म्हटल्यावर माईंना कुठे ठेवायचं, आणि त्यातून निघाली पाळी : चार महिने पुणे, चार महिने समा, चार महिने दादाच्या भाड्याच्या घरी.

वही

धाकटी दुसऱ्यांदा आली तेव्हा तिचा रोख वहिनीवर होता. "तिला आई नकोच आहे," वगैरे. मला हे ऐकून ऐकून पाठ झालं आहे. म्हाताऱ्या बाईची आबाळ झाली की गुन्हेगार म्हणून पहिली उभी राहते ती सून, आणि मुलगा असतो "तिच्या सांगण्यात आलेला". म्हणून मी एक गोष्ट करायला सांगितली. शंभर पानी वही फ्रिजवर ठेवा, माईंसाठी ज्याने जे केलं ते त्याने आपल्या हाताने, वेळेसकट लिहावं. आठवडाभर, भांडण न करता.

वहीत दादाच्या नोंदी खऱ्या होत्या आणि मोठ्या अक्षरात होत्या. औषधं आणली. डॉक्टरांना फोन. लाइटबिल. हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइलवर आईचा चेहरा दाखवला. (शिवण आणि भांडी यांनी माईंच्या बोटांच्या रेघा झिजल्यात, मशीनवर ठसा उमटत नाही. २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला देता येतो, ते दादाने शोधून काढलं.) वहिनीच्या नोंदी पहिल्या दिवशी पान भरून, दुसऱ्या दिवशी अर्धं पान, आणि तिसऱ्या दिवशी नुसतं "रोजचंच". चौथ्या दिवसापासून धाकटी स्वतः येऊन बसली आणि वहिनीचं काम तिने लिहिलं. त्यानंतर तिच्या तोंडून "तिला आई नकोच आहे" हे मी ऐकलं नाही.

सरकारनेही देशभर अशी वही भरून घेतली आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत, १५ ते ५९ या वयात, बायकांची १४० मिनिटं आणि पुरुषांची ७४. आणि मुळात देखभालीत हात घालणारेच बायकांत ४१ टक्के, पुरुषांत २१.४.

आता ही देखभाल लागते कुणाला, तेही बघू. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं १०.३८ कोटी होती, त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त. बायका जास्त जगतात आणि नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात, तेव्हा म्हाताऱ्या पुरुषाच्या उशाशी बहुधा त्याची बायको असते. ती स्वतः म्हातारी होते तेव्हा नवरा नसतो. मग लेक, सून, नाहीतर पगारी बाई. माईंनी वडिलांचं शेवटचं दीड वर्ष काढलं तेव्हा घरात कुणाला पाळी लावावी लागली नव्हती.

कायद्याने काय हाती लागतं

धाकटीला अर्ज करायचा होता. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ तिने मोबाइलवर वाचून काढला होता. कायदा चांगला आहे. प्रांत अधिकाऱ्यांपुढे साधा अर्ज, वकिलाची गरज नाही, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३०. महिन्याला कमाल १०,००० रुपये निर्वाह. आधी समेटासाठीही पाठवता येतं. अर्ज माई स्वतः करू शकतात किंवा त्यांनी नेमलेलं कुणीही.

पण अर्ज दादाविरुद्ध केला तर दादा सांगू शकतो की माझ्या बहिणींनाही यात घ्या. या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी सारखी आहे. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलंय, आणि ते योग्यच आहे. फक्त या घरात कर्तव्यात लेकी बरोबरीच्या आणि उताऱ्यावर शून्य, असा हिशोब झाला. थोरलीने हे फोनवर ऐकलं तेव्हा बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग माझा चतकोर मला परत द्या, मी आईला पुण्याला नेते." रागात म्हणाली, पण बरोबर म्हणाली.

सुनेचं नाव या कायद्यात नाहीच. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावयांनाही 'अपत्यां'त घेण्याचा प्रस्ताव होता, लोकसभेची मुदत संपली तसं ते विधेयक बारगळलं. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. जी आधीच सगळं करते तिला कायद्याने बांधायचं आणि तिच्या नावावर काहीच ठेवायचं नाही, ही कसली बरोबरी?

घर परत मिळेल का? कलम २३ म्हणतं, माझी काळजी घ्याल या अटीवर ज्येष्ठ व्यक्तीने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी असंच प्रकरण होतं, आईने हक्क सोडल्याचा दस्त. न्यायालयाने सांगितलं, दस्तात काळजीची अट नाही, तेव्हा कलम २३ लागू नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात न्यायालयाने कायद्याचा अर्थ सैल हाताने लावला. तिथे बक्षीसपत्राबरोबर मुलाने सांभाळायचं वचनपत्र दिलं होतं, ते अट म्हणून धरलं आणि बक्षीसपत्र रद्द झालं. माईंच्या दस्तात अट नाही, सोबत वचनपत्र नाही. "मी इथेच आहे" हे बोलणं टेबलावरच राहिलं. दिवाणी दावा लावून दस्त रद्द करायची मुदत तीन वर्षं, तीही केव्हाच उलटली.

म्हणजे हात रिकामे? तसं नाही, आणि हे वकीलसुद्धा पटकन सांगत नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा लोकांना वाटतो फक्त सुनांसाठी. त्यातलं कलम १७ सांगतं की सामायिक घरात राहण्याचा हक्क घरच्या नात्याने तिथे राहणाऱ्या प्रत्येक बाईला आहे, मालकी असो वा नसो. प्रत्येक म्हणजे आईसुद्धा. माईंना त्या घरातून त्यांच्या मनाविरुद्ध हलवणं दादाला सोपं नव्हतं. वहिनीलाही तोच हक्क होता. मालक एक, आणि तिथे राहण्याचा हक्क असलेल्या बायका दोन. दोघींपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं.

माईंचं म्हणणं

सगळ्यांना बाहेर काढून माईंशी एकटीने बोलायला बसले. हे मी हट्टाने करते. घरच्यांसमोर म्हाताऱ्या बाईला विचारलं की ती म्हणते, "मुलं म्हणतील तसं." दार लोटल्यावर माईंनी मला तीन गोष्टी सांगितल्या.

पाळी लावू नका. हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुण्याच्या घरी संडासाला जायचं तर जावयाच्या खोलीवरून जावं लागतं, हे कारण त्यांनी फार हळू आवाजात दिलं.

माझं पासबुक माझ्याजवळ द्या. वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून माईंना विधवा म्हणून हजाराच्या घरात पेन्शन येतं. कार्ड दादाकडे असतं. तो त्यात खोट करत नाही, पण नातीच्या वाढदिवसाला शंभर रुपये द्यायचे तरी मागावे लागतात. राज्याचं विधवा सहाय्य त्यांना २०११ मध्ये मिळालं नाही, कारण मुलगा २१ वर्षांचा झाला की ते बंद व्हायचं आणि दादा तर तेव्हा तिशीत होता. सरकारचं गृहीतकही दस्त लिहिणाऱ्यासारखंच, मुलगा कमावता आहे म्हणजे बाईचं भागलं. ती अट २०१९ मध्ये काढली, रक्कम १,२५० केली आणि योजनेला गंगा स्वरूपा नाव दिलं. उत्पन्नाची मर्यादा राहिली, आणि दादाचा पगार धरला तर माई तिच्यात बसत नाहीत.

तिसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. "हिची शाळा हिला परत मिळवून द्या." हिची म्हणजे वहिनीची. "माझ्यापायी गेली. ती बोलत नाही, पण रात्री कूस बदलताना तिचे हात बोलतात."

दादावर अर्ज करायला त्या तयार नव्हत्या. धाकटीला हे भेकडपणाचं वाटलं. मला तसं वाटत नाही. ज्याच्या घरात उरलेलं आयुष्य काढायचंय त्याला नोटीस पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कुणाच्या हातचा प्यायचा, हा व्यवहाराचा प्रश्न आहे.

बैठक

रविवारी दुपारी, घरीच. थोरली व्हिडिओ कॉलवर. पहिला अर्धा तास दादाच बोलला : एफडी, ऑपरेशन, रोजची धावपळ, "मी काय कमी केलं?" त्यात खोटं काही नव्हतं. मग मी वही पुढे केली. त्याने ती चाळली आणि म्हणाला, "पण हे सगळं मी कसं करणार? आईला अंघोळ मी घालू?" माई पलंगावरून म्हणाल्या, "नको बाई. पोराच्या हातून नको."

हा अडसर खरा आहे, तो पुरोगामी भाषणाने उडत नाही. आईलाच संकोच वाटतो. पण अंघोळ आणि लंगोट सोडले तर उरलेल्या कामात संकोचाचं काय आहे? कूस कपडे न काढता बदलता येते. वॉकर धरून ओट्यापर्यंत नेणं, मळलेल्या चादरी मशीनला लावणं, सकाळचं दूध-औषध, या कामांना बाईचेच हात लागतात असं नाही. यादी करायला घेतली तेव्हा दादानेच पहाटे तीन आणि पाचची पाळी स्वतःच्या नावावर लिहिली.

वहिनी शेवटपर्यंत बोलली नव्हती. बिल्डरचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "घर द्यायचं ठरलंय हे मला बिल्डरच्या माणसाकडून कळलं. मी त्याला चहा देत होते." धाकटीने तिच्याकडे पाहिलं. दोघींच्या लक्षात एकदमच आलं असावं की या घराच्या व्यवहारात दोघींचीही सही कुणाला नको आहे.

माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथे आहे. माईंनी २०११ मध्ये आपला चतकोर ठेवला असता तर बिल्डरला त्यांच्या पलंगापाशी यावं लागलं असतं, आणि त्यांना कुठे ठेवायचं हे त्यांना विचारूनच ठरलं असतं. म्हाताऱ्या बाईची सही लागते तोवर तिचं मत विचारलं जातं. प्रेम असतंच. या घरात भरपूर होतं. पण प्रेमाच्या माणसाला न विचारताही निर्णय घेतले जातात.

ठरलं ते असं. पाळी रद्द. बांधकाम होईतो माई, दादा आणि वहिनी जवळच तळमजल्याच्या भाड्याच्या घरात. भाडं बिल्डर देणार असल्याने दादाला ते जड नव्हतं. पासबुक आणि कार्ड माईंच्या उशाखाली. बेनच्या पगारातला मोठा वाटा थोरली पुण्याहून पाठवणार. शनिवार-रविवार धाकटी येणार, त्या दोन दिवसांत वहिनीने घरात थांबायचं नाही, ही अट धाकटीनेच घातली. जूनपासून वहिनीने पुन्हा काम बघायचं. आणि नव्या फ्लॅटवर माईंचं नाव. दादा म्हणाला, नॉमिनी लावतो. धाकटी म्हणाली, नॉमिनी म्हणजे तुझ्यानंतर, तिला आत्ता नाव हवंय. यावर एकमत न होता बैठक उठली.

बेन

पंचमहालाकडून आलेली, सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याची सुट्टी नाही. सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे कापतात आणि एजन्सी दुसरी पाठवते. आधार कार्डावर वय ६१. स्वतः विधवा, गुडघे दुखतात, माईंना उचलून खुर्चीच्या कमोडवर बसवते. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीला वयाची अट १६ ते ५९, पेन्शनच्या श्रमयोगी मानधन योजनेत शिरायचं वय १८ ते ४०. म्हणजे या बाईसाठी दोन्ही दारं बंद. माईंच्या घरातल्या बायकांची बरोबरी हिच्या पाठीवर उभी राहणार असेल तर ते मला मान्य नाही, असं मी बैठकीत म्हटलं. थोरलीला ते फारसं आवडलं नाही, तिने विचारलं, "आता तिचीही जबाबदारी आमच्यावर?" आठवड्याला एक भरपगारी सुट्टी मात्र तिने कबूल केली. त्या दिवशी दादा असतो. गंगा स्वरूपाचा अर्ज आम्ही मंडळात भरला तो शेवटी बेनचा.

त्यानंतर

दादाची पहाटेची पाळी पंधरवडाभर टिकली. मग त्याच्या कारखान्यात शिफ्ट बदलली आणि गजर पुन्हा वहिनीच्या मोबाइलवर गेले. धाकटीने आरडाओरडा केला. त्यातून निघालेली वाट अशी, की रात्री अकरा आणि एक दादाकडे, तीनची फेरी माई थोड्या स्वतः वळू लागल्यावर सुटली, पाचची वहिनीकडे. कातडीचा लालपणा गेला. माई वॉकरने ओट्यापर्यंत जातात, चोकडीत जात नाहीत. चोकडीच्या पायरीवर दादाने लाकडी उतार आणि भिंतीला कडी बसवली आहे, घर पडायचं असलं तरी.

वहिनीची बालवाडीतली जागा भरली गेली होती. ती आता दुपारी वरच्या खोलीत शिकवण्या घेते. पगार पूर्वीच्या निम्माही नाही, पण तो तिच्या खात्यात जमा होतो. थोरलीचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. फोन कमी येतात, ते माईंना लागतं.

समजुतीचा कागद नोटरी करून घेतला. त्याचं वजन किती हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं आहे : जुना दस्त त्याने हलणार नाही. पण बिल्डरबरोबरचा व्यवहार नवा आहे, आणि त्यात माईंच्या राहण्याची आणि देखभालीची अट आत्ता लिहून घेता येते. दादा त्यावर "बघू" म्हणतो. बिल्डरच्या वकिलाला एकच नाव सोयीचं आहे.

करारनाम्याचा मसुदा अजून आलेला नाही. आला की धाकटी तो मंडळात घेऊन येणार आहे, मराठीत समजावून घ्यायला, आणि माईंना वाचून दाखवायला. वहिनीने तिला बजावून ठेवलंय की आईंचं नाव शोधशील तेव्हा माझंही शोध, नसेल तर का नाही ते विचार.